बसू उठला

"मान खाली घाल. हलू नकोस."

"आई, दुखतंय."

"दुखणारच. वर्षाचा मळ आहे हा, सहजासहजी कसा जाईल?"

न्हाणीघराच्या दारात मी टॉवेल धरून उभी होते आणि आत आई माझ्या धाकट्या भावाची मान घासत होती. साबण लावून झाला, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ लावून झालं, आता अर्धं लिंबू चाललं होतं. बसूच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळपट, मखमलीसारखा पट्टा होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. एरवी आई रविवारीच त्याच्या मागे लागायची. पण आज शाळेचं गॅदरिंग होतं आणि मुख्य नटानं काळ्या मानेनं रंगमंचावर जावं हे तिला पटत नव्हतं.

"राक्षसाची मान काळीच असते," बसू म्हणाला.

"राक्षसाची असू दे. माझ्या पोराची नको."

तेवढ्यात आत्या बशीत दाणे-गुळाची शेंगापोळी घेऊन आली. वर तुपाचा गोळा. "पोराला आधी खाऊ दे गं. नाटक म्हणजे काय सोपं काम आहे? ताकद लागते."

आता नाटकात बसूचं काम काय होतं, तर झोपायचं. पण आत्यापुढे हे बोलायची सोय नव्हती. ती अण्णांची थोरली बहीण. आतोबा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, आणि स्वयंपाकघरात तिचा शब्द शेवटचा असायचा. बसूनं ओल्या अंगानंच पोळी संपवली आणि बशी परत दिली. आत्यानं ती न विचारता पुन्हा भरली.

त्याचं खरं नाव बसवराज. अण्णा म्हणायचे, "नावच बसू, मग उठणार कसा?" मंगळवेढ्याच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान होतं, दुकानामागेच घर, आणि गिऱ्हाइकाला पातेलं दाखवता दाखवता अण्णा हा विनोद ऐकवायचे. बसूलाही हसू यायचं. तो कशालाच रागवायचा नाही. चौथीतला मुलगा, पण सांगाल तिथे बसायचा, द्याल ते खायचा आणि पाठ टेकली की झोपायचा. पाहुणे म्हणायचे, "काय गुणी पोरगा आहे हो!" मग माझ्याकडे बघून काहीच म्हणायचे नाहीत. मी आठवीत होते आणि गल्लीतल्या चिंचेच्या झाडावर माझा मुक्काम असायचा.

गुणी पोराचा एकच गुण घरभर ऐकू जायचा. तो घोरायचा. आम्ही दोघं एका खोलीत झोपायचो, त्यामुळे मला त्याचं सगळं वेळापत्रक पाठ होतं. आधी बारीक शिट्टी, मग घरघर, मग पिठाची गिरणी चालू व्हावी तसा आवाज. आणि मध्येच ते सगळं एकदम बंद पडायचं. घर कसं चिडीचूप व्हायचं. मग अण्णा पलीकडच्या खोलीतून म्हणायचे, "लाइट गेली." थोड्या वेळानं बसू हिसका देऊन मोठा श्वास घ्यायचा आणि गिरणी पुन्हा सुरू. "आली!" आई म्हणायची. आत्याही हसायची. आमच्याकडे लोडशेडिंगचं कुणाला काय वाटत नव्हतं, त्यातलाच हा एक प्रकार.

शाळेत मात्र त्याचे हाल होते. खो-खोच्या तासाला त्याला चपला सांभाळायला बसवायचे. वर्गात डुलक्या घेतो म्हणून बाकावर उभं करायचे, तर तो उभ्यानंच पेंगायचा. मेटकरी सर एकदा छडी उगारून त्याच्यापाशी गेले, त्याचं घोरणं ऐकलं आणि छडी तशीच खाली घेतली. आपल्याला नाटक तिथेच सुचलं, असं ते पुढे सगळ्यांना सांगत. नाटकाचं नाव 'घोरासुर'. गावाच्या वेशीत एक राक्षस येऊन झोपतो, त्याच्या घोरण्यानं गावाची झोप उडते, आणि त्याला उठवायला सगळे गावकरी ढोल, ताशे, पराती बडवतात. शेवटी एक मुंगी त्याच्या कानात शिरते, तो उठतो आणि गरजतो, "कोण रे मला निजू देत नाही?" बसूला पाठांतर एवढंच.

पण त्या एका वाक्यानं त्याचं नशीब पालटलं. मोठ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत येऊन "काय घोरासुर!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारायची. मुलींनी त्याला मिशा रंगवून दाखवल्या. चपला सांभाळायला दुसरा मुलगा बसवला गेला. बसू घरी येऊन रोज नवी बातमी सांगायचा आणि सांगता सांगता झोपायचा.

गॅदरिंग शाळेच्या पटांगणात होतं. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुण्या होत्या, सोलापूरच्या डॉक्टर रोहिणी बिराजदार. लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून त्यांचं मोठं नाव. त्यांच्या मागच्याच रांगेत अण्णा, आई आणि आत्या, कारण नाटकाच्या पराती आमच्या दुकानातल्या होत्या आणि अण्णांनी त्या बदल्यात पुढची जागा मागून घेतली होती. मी गावकऱ्यांच्या गर्दीत होते. हातात परात आणि लाटणं.

पडदा वर गेला. मधोमध बसू उताणा पडला होता. पोटाला लाल उपरणं, गालावर रंगवलेल्या मिशा, डोक्याशी माइक. दिव्यांचा उकाडा होता, पोटात शेंगापोळ्या होत्या. आम्ही पहिली दोन वाक्यं बोललो नाही तोच मला ती ओळखीची शिट्टी ऐकू आली आणि मी शेजारच्या मुलीला म्हटलं, "अगं, हा खरंच झोपला."

मग गिरणी सुरू झाली, आणि माइकमुळे ती सगळ्या मंगळवेढ्याला ऐकू गेली. लोक पोट धरून हसले. मेटकरी सर विंगेत हातावर हात चोळत होते. प्रमुख पाहुण्याही डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. आम्ही पराती बडवल्या, ढोल वाजवले, बसूची पापणी हलेना. एवढा जिवंत अभिनय गावानं कधी पाहिला नव्हता.

आणि घोरणं थांबलं.

मी त्याच्या अगदी जवळ होते. छाती वरखाली होत होती, पण तोंडातून आवाज नव्हता. पटांगण शांत झालं, आता काय करतो म्हणून सगळे वाट बघू लागले. त्या शांततेत अण्णा मोठ्यानं ओरडले, "लाइट गेली!"

असा हशा मी त्यानंतर कुठल्याच नाटकाला ऐकला नाही. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. शिट्ट्या झाल्या. एकट्या डॉक्टरबाईंचं हसणं थांबलं होतं. त्या उठल्या, बाजूच्या पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर आल्या. सरांना वाटलं, खूश होऊन बक्षीस द्यायला आल्या, म्हणून ते हारच घेऊन धावले. बाई बसूशेजारी गुडघ्यावर बसल्या, त्याला दोन्ही हातांनी कुशीवर वळवलं. बसूनं हिसका देऊन श्वास घेतला, डोळे उघडले आणि समोर रेशमी साडीतल्या बाईंना बघून, जसं शिकवलं होतं तसं, जीव खाऊन गरजला, "कोण रे मला निजू देत नाही?"

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

बक्षीस बसूलाच मिळालं. ते बाईंनीच दिलं, त्याचा गालगुच्चाही घेतला, भाषणही थोडक्यात केलं. पण कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अण्णांना निरोप पाठवला, आणि आम्ही सगळे सातवीच्या रिकाम्या वर्गात जमलो. बसू बाहेर पोरांच्या गराड्यात होता.

"घरीही असंच घोरतो?" बाईंनी विचारलं.

"असंच काय, याहून झकास," अण्णा म्हणाले.

"आणि असं मध्येच थांबतं?"

"रोजचंच आहे, मॅडम. आम्ही म्हणतो, लाइट गेली." अण्णा हसले.

बाई हसल्या नाहीत. "साहेब, ती लाइट नाही. त्याचा श्वास अडतो. घशात जागा उरत नाही, हवा आत जात नाही. जीव घाबरा होऊन झोप मोडते, तेव्हा तो हिसका देतो. रात्रभर हेच चालत असेल तर हा मुलगा झोपतच नसेल."

"झोपत नाही?" आई म्हणाली. "अहो, तो दिवसासुद्धा झोपतो!"

"म्हणूनच तर दिवसा झोपतो."

मग बाईंनी मानेचं विचारलं. आईचा चेहरा उतरला. "मी नेहमी घासते हो," ती घाईनं म्हणाली. "आज तर लिंबूसुद्धा लावलं. निघतच नाही."

"तो मळ नाही. घासू नका, त्याची कातडी सोलवटेल. अंगावर वजन फार चढलं की शरीराला साखर आवरायला जड जातं, ते असं मानेवर दिसतं. साखर तपासावी लागेल, घसा दाखवावा लागेल. सोलापूरला घेऊन या." त्या बाकावर बसल्या. "खातो काय दिवसभर?"

"काहीच खात नाही," आई म्हणाली. "सकाळी दूध-बिस्किटं, डबा, जेवण. बास."

"आणि माझ्याकडे संध्याकाळी दुकानात येतो तेव्हा एक प्लेट भजी," अण्णा म्हणाले. "एकच. आणि एक थंडा."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "थंडा?"

"रोज नाही."

"झोपताना मी एक पेला दूध देते," आत्या म्हणाली. "चार चमचे साखर घालून. सकाळी तू बिस्किटं देतेस ती पोराला पुरत नाहीत, म्हणून मी वेगळी देते."

"वन्सं, तुम्हीपण देता?"

मीही सांगून टाकलं, की माझ्या ताटातला गोड पदार्थ मला आवडत नाही, तो मी बसूच्या ताटात सरकवते. पाच माणसांच्या घरात चार जण एकाला खाऊ घालत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, बिचारा उपाशी आहे.

आत्याला हे बोलणं झोंबलं. "खात्यापित्या घरचा पोरगा आहे, बाई. बारीक पोरं काय कमी आजारी पडतात? उगीच त्याला उपाशी ठेवायला लावू नका."

"उपाशी नाहीच ठेवायचं. त्याचं वजन उतरवायचंसुद्धा नाही. आहे तिथं थांबवायचं. उंची वाढेल, तसा तो आपोआप सुटसुटीत होईल. थंडा, बिस्किटं, भजी बंद. भाकरी, भाजी, वरण पोटभर. रोज संध्याकाळी घाम येईपर्यंत खेळ. पण एक अट आहे." बाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "त्याला एकट्याला पथ्य लावायचं नाही. घरात जे त्याला नाही, ते कुणालाच नाही. आणि त्याला आळशी म्हणायचं नाही. दमलेलं पोर आहे ते."

घरी पोचल्यावर कुलूप काढताना अण्णा म्हणाले, "डॉक्टर लोकांना जिकडेतिकडे रोग दिसतात." आत्यानं मान डोलावली. बसूनं बक्षिसाचा कप उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाली, बसू बैठकीच्या खोलीत सतरंजीवर लवंडला. मेटकरी सर धापा टाकत आले. पुढच्या महिन्यात सोलापुरात आंतरशालेय नाट्यस्पर्धा होती आणि 'घोरासुर' तिथे जाणार होता.

"पहिलं बक्षीस आपलंच, अण्णा!" सर खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. "जिल्ह्यात असा नट नाही. फक्त एक करा, ते डॉक्टरांचं पथ्यबिथ्य स्पर्धेनंतर. हा बारीक झाला तर माझं नाटक बुडालं."

सतरंजीवर शिट्टी सुरू झाली होती. मग घरघर. मग गिरणी.

"ऐका!" सर हरखून म्हणाले. "काय आवाज आहे!"

आम्ही सगळे ऐकत होतो. त्या घोरण्याकडे आम्ही पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होतो. आई खरकटी ताटं घेऊन दारात थबकली. आत्याच्या हातात सरांच्या चहाची कपबशी होती. आणि आवाज बंद पडला.

"लाइट गेली!" सर म्हणाले आणि खो खो हसले.

कुणीच हसलं नाही.

बसूची छाती उचलली जात होती, खाली जात होती, पोट आत ओढलं जात होतं, आणि तरी तोंडातून हवा जात नव्हती. भर दुपारच्या उजेडात ते स्वच्छ दिसत होतं. दार धरून बाहेर यायला धडपडणाऱ्या माणसासारखं. सरांचं हसू हळूहळू विझलं. अण्णा उभे होते. त्यांनी एक हात पुढे केला, पण शिवायचं की नाही ते त्यांना कळेना. त्यांचे ओठ हलले. बहुतेक "ये, ये" म्हणत होते.

बसूनं हिसका दिला, मोठा श्वास घेतला आणि कूस बदलली.

अण्णा तिथेच खाली बसले, सतरंजीवर, धोतर सावरायचंही भान न राहता. तिथूनच म्हणाले, "सर, तुम्ही घोरासुर दुसरा बघा." मग आत्याकडे वळले. "अक्का, तो बिस्किटांचा डबा..."

"माझ्याकडे बघू नकोस," आत्या म्हणाली. "मी बघितलं सगळं. तुझा थंडा आधी बंद कर."

बसूला हे सांगितलं तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा भोकाड पसरलं. श्वासाचं त्याला काही नव्हतं. राक्षसाचं काम जाणार याचं होतं. "मी बारीक झालो तर मला कुणी ओळखणार नाही," तो मला म्हणाला. मी त्याला म्हटलं, चल, चिंचेवर चढायला शिकवते. तो खालच्या फांदीला लोंबकळला, आणि दोघंही खाली आलो. फांदीसकट.

सोलापूरला तपासणीत घशाच्या गाठी, म्हणजे टॉन्सिल, वाढलेल्या निघाल्या. ऑपरेशन झालं. साखर नशिबानं अजून हाताबाहेर गेली नव्हती. घरी मात्र आमचे हाल सुरू झाले. बाईंच्या अटीप्रमाणे जे बसूला नाही ते कुणालाच नाही, त्यामुळे अण्णा दुकानाच्या मागच्या बाजूला चोरून भजी खाताना सापडले, आणि पकडलं कुणी, तर बसूनं. आत्यानं चहातली साखर सोडली आणि त्याचा सूड म्हणून आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. मग तिनंच ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर दह्यात कालवलेली शेंगाचटणी, काकडी, मुळ्याचा पाला असं काय काय मांडायला सुरुवात केली, आणि भाकरी म्हटलं की तोंड वाकडं करणारा बसू तिची वाट बघू लागला. संध्याकाळी आम्ही सगळे शेताच्या रस्त्यानं चालायला जायचो. अण्णा सगळ्यांत मागे. त्यांच्या पोटाला बाईंनी काही म्हटलं नव्हतं, पण ते आता त्यांचं त्यांनाच जड झालं होतं.

बारीक बसू कधी झाला नाही. थोराडच राहिला. स्पर्धेत दुसऱ्या मुलानं काम केलं आणि नाटक पडलं. पुढच्या वर्षी सरांनी पुन्हा बसूला घेतलं, पोटावर उशी बांधून, तर त्याला घोरण्याची नक्कल काही केल्या जमेना. खोकल्यासारखा आवाज यायचा. पण त्याचं त्याला वाईट वाटलं नाही, कारण तोवर त्याला दुसरे उद्योग मिळाले होते.

ऑपरेशन होऊन काही महिने गेले असतील. एका संध्याकाळी मेटकरी सर दुकानात आले. चेहरा लाल, शर्टाला धूळ.

"अण्णा, तुमच्या बसूला जरा आवरा."

अण्णांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "काय केलं?"

"काय केलं? दुपारी खेळाच्या तासाला चेंडू शाळेच्या कौलांवर गेला. मी नको नको म्हणतोय, हा पन्हाळीला धरून वर! कौलं फोडली. मुख्याध्यापक खालून ओरडताहेत, हा वरून त्यांनाच म्हणतो, 'सर, इथून सगळं गाव दिसतंय!' खाली ये म्हटलं, तर चेंडू घेऊन कौलांवरून पळायला लागला. त्याच्या मागे मी शिडीवरून पडलो."

अण्णा गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते. मी आतल्या दारात उभी होते, मला त्यांचे हात दिसत होते. ते मांडीवर ताल धरत होते.

"स्वतः चढला?" त्यांनी विचारलं.

"स्वतः म्हणजे? कोण चढवणार त्याला?"

"अगदी वरपर्यंत?"

"आढ्यापर्यंत!"

"आणि पळाला?"

"अहो अण्णा," सर वैतागून म्हणाले, "मी तक्रार घेऊन आलोय!"

"होय की. बसा ना, सर, बसा." अण्णांनी स्वतःची गादी झटकून त्यांना दिली आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं ए, बाहेर ये. अक्कालाही घेऊन ये." मग सरांकडे वळून, डोळे पुसत, म्हणाले, "आता सांगा, सर. पहिल्यापासून सांगा."